खिम्याचे गोळे सुपात का फुटतात, आणि त्यावर काय करायचं

मटणाच्या खिम्याचे गोळे, गाजर, फरसबी, बटाटा, मटार आणि नळ्यांचं अळणी, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पातळ पाणी. थंडीत हे एक पातेलं शिजवलं की रात्रीचं जेवण झालं, सोबत पाव किंवा ज्वारीची भाकरी असली की पुरे. यात अवघड काही नाही, तरी एक तक्रार सतत ऐकू येते: गोळे ताटात वळून ठेवले होते तेव्हा छान दिसत होते, पातेल्यात पडले आणि पाच मिनिटांत सुटून गेले. मग कुणीतरी सांगतं, बेसन घाला, कॉर्नफ्लॉर घाला, अजून एक अंडं घाला. पुढच्या वेळी गोळे टिकतात, पण चावायला रबरी होतात आणि सूप पिठाळ लागतं. म्हणून तिसऱ्या खेपेला पीठ कमी केलं जातं आणि गोळे परत फुटतात.

माझं मत असं की पिठाच्या मागे लागणंच चूक आहे. मांसाचा गोळा मांसच धरून ठेवतं. मांसात मायोसिन नावाचं प्रथिन असतं. मीठ घालून खिमा मळला की ते सुटून बाहेर येतं, खिम्याच्या कणांवर त्याचा चिकट थर बसतो आणि साधारण ५० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर तो घट्ट होऊन कणांना एकमेकांशी बांधतो. हे बांधकाम नीट झालं तर अंड्याचीही गरज पडत नाही. ते बिघडतं ते खिम्यात जास्तीचं पाणी असल्यामुळे, खिमा कोमट झाल्यामुळे, मीठ घालून पुरेसा न मळल्यामुळे किंवा मांस मऊ करणारं काहीतरी त्यात घातल्यामुळे. यातलं तुमचं कारण कोणतं हे गोळा कधी आणि कसा फुटतो त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

पातेल्यात पडताच विरघळतात

पहिल्या एक-दोन मिनिटांतच गोळ्याच्या कडेने कण सुटू लागले आणि पाणी गढूळ झालं, तर आधी पाण्याचा संशय घ्यायचा. आपल्याकडे अनेक घरांत खिमा धुतल्याशिवाय वापरत नाहीत. खिमा चाळणीत घेऊन नळाखाली धरला की तिथेच बिघडायला सुरुवात होते. कणाकणात पाणी अडकतं, ते वरवर दाबून निघत नाही.  खिमा परतून मटार घालून करायचा असेल तर हे पाणी कढईत आटतं, म्हणून तिथे काही बिघडत नाही. सुपाच्या गोळ्यात मात्र तेच नडतं.

उपाय सोपा आहे. मटणवाल्याला सांगा की आधी मांसाचा तुकडा धुऊन, पुसून, मग खिमा काढून द्या. किंवा बिनहाडाचं मटण घरी आणून धुवा, कोरड्या फडक्याने टिपा, तुकडे करून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर त्याची पेस्ट होते आणि तीही तापते. खिमा धुऊन झालेलाच असेल तर पातळ फडक्यात बांधून घट्ट पिळा, मग चाळणीवर वजन ठेवून तासभर फ्रीजमध्ये निथळू द्या. तळाशी साठलेलं पाणी पाहिलं की ते गोळ्यांत गेलं असतं तर काय झालं असतं हे लगेच लक्षात येतं. कच्च्या मांसातले जंतू धुण्याने जात नाहीत, ते नीट शिजवण्यानेच मरतात, तेव्हा खिमा न धुता वापरला म्हणून मनात शंका ठेवायचं कारण नाही.

गोठवलेला खिमा असेल तर तो फ्रीजमध्येच सावकाश वितळू द्या आणि भांड्यात सुटलेलं लालसर पाणी ओतून टाका.

पाण्याची दुसरी वाट कांद्यातून येते. कच्चा कांदा चिरून खिम्यात घातला की मिठाने त्याला पाणी सुटतं, आणि तेही तुम्ही गोळे वळत असतानाच. कांदा अगदी बारीक चिरून, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचा आणि मुठीत दाबून पिळायचा, नाहीतर थोड्या तेलात परतून पूर्ण गार करून घालायचा. मला परतलेलाच आवडतो, कारण त्याचा गोडवा सुपातही उतरतो. कोथिंबीर आणि पुदिना धुऊन लगेच चिरू नका, पानं फडक्यावर पसरून कोरडी होऊ द्या. आलं, लसूण, मिरचीचं वाटण पाण्याशिवाय करा.

पपई, दही आणि कच्चं आलं

याला वेगळा मथळा दिला आहे, कारण हे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शीग कबाब किंवा शामीच्या सवयीने अनेक जण खिम्याला कच्च्या पपईचा कीस लावतात. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, म्हणूनच तर मांस मऊ होतं. पण आपल्याला जी प्रथिनं गोळा बांधायला हवी आहेत, तीच ते तोडून टाकतं. त्यात भर म्हणजे उष्णतेने त्याचा जोर आधी वाढतो आणि बऱ्याच वरच्या तापमानाला पोचल्यावरच ते निकामी होतं. पाण्यात पडलेला गोळा हळूहळू तापत असताना त्याला काम करायला भरपूर वेळ मिळतो. कबाब सळईवर किंवा तव्यावर कडक आचेवर भाजतात, वरचा थर पटकन घट्ट होतो, म्हणून तिथे निभावतं.

कच्च्या आल्यातही असंच काम करणारा घटक असतो, फक्त सौम्य. अर्धा किलो खिम्याला अर्धा इंच आलं, तेही गोळे वळायच्या जरा आधी घातलं तर काही होत नाही. वाटण लावून खिमा रात्रभर मुरवायचा बेत असेल तर आलं वगळा किंवा परतून घ्या. दह्याचं पाणीही गोळ्याला सैल करतं. सुपाच्या गोळ्यांना दही नकोच.

ओळखायची खूण अशी: पाण्यामुळे फुटलेला गोळा दाणेदार सुटतो, पपईने बिघडलेला लिबलिबीत होतो आणि जिभेवर पिठासारखा लागतो.

मळणं, मीठ आणि थंडपणा

खिमा मोकळा राहिला पाहिजे, जास्त हाताळायचा नाही, हा सल्ला बर्गरच्या टिक्कीला ठीक आहे. पाण्यात शिजणाऱ्या गोळ्याला तो लावू नका. इथे मळायचाच. अर्धा किलो खिम्याला एक सपाट छोटा चमचा मीठ, म्हणजे साधारण ६ ग्रॅम, आधी घाला आणि नुसत्या मिठाबरोबर खिमा तीन-चार मिनिटं मळा. कांदा, मसाले, पाव नंतर. आधी कण सुटे असतात, मग एकाएकी त्यांना चिकटपणा येतो, खिमा भांड्याच्या कडा सोडून एकत्र येतो आणि तळहातावर घेऊन हात उलटा केला तरी क्षणभर पडत नाही. तिथे थांबायचं. मीठ शेवटी चव बघून घालायची सवय असेल तर इथे ती मोडावी लागेल.

हे सगळं खिमा गार असताना व्हायला हवं. उन्हाळ्यात, किंवा मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर अर्धा तास पडलेल्या खिम्यातली चरबी मऊ होते, मळताना ती कणांवर माखते आणि कण एकमेकांना धरत नाहीत. वळलेल्या गोळ्यावर तेलकट चकाकी दिसली, हात बुळबुळीत झाले, की समजा खिमा तापला आहे. वाडगा तसाच २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग पुढे जा. वळून झालेले गोळेही किमान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. घाईच्या दिवशी हीच पायरी पहिली गाळली जाते, आणि तेव्हाच गोळे फुटतात.

मग एक चाचणी. सगळे गोळे वळायच्या आधी एकच वळा आणि छोट्या भांड्यात मंद उकळत्या पाण्यात पाच मिनिटं सोडा. टिकला, चव बरोबर आहे, तर पुढे चला. फुटला तर उरलेला सगळा खिमा अजून तुमच्या हातात आहे. एवढं एक केलं तरी पातेलंभर सूप वाया जाणं टळतं.

आधी टिकतात, मग दहा मिनिटांनी चिरतात

इथे खिम्याचा दोष कमी, आचेचा जास्त. खदखदणाऱ्या पाण्यात गोळे एकमेकांवर आणि तळाला आपटत राहतात. नारळ-कांद्याच्या दाट रश्शात कोफ्ते टिकतात कारण दाट रस्सा ही आपटाआपटी अंगावर घेतो, आणि ते कोफ्ते बहुतेक वेळा आधी तळलेलेही असतात. सूप पातळ असतं, त्यात गोळ्याला कसलाच आधार नसतो.

सूप आधी उकळू द्या. आच कमी करा. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे येत आहेत, मधलं पाणी नुसतं थरथरतंय, अशा वेळी गोळे एकेक करून कडेने सोडा. थंड पाण्यात सोडले तर वरचा थर घट्ट व्हायच्या आत कण सुटतात. पातेलं रुंद घ्या, गोळे एकाच थरात बसू द्या. पहिली पाच मिनिटं पळी आत घालू नका, हलवावंसं वाटलंच तर पातेलं दोन्ही कानांनी धरून हलकेच फिरवा. झाकण तिरकं ठेवा. घट्ट झाकण लावलं की मंद आचेवरही आत जोराची उकळी येते, म्हणून गॅस कमी ठेवूनही गोळे फुटले असं अनेकांना वाटतं.

प्रेशर कुकरमध्ये गोळे शिजवू नका. वाफ सुटताना आतला दाब एकदम उतरतो आणि पाणी जोरात उसळतं. कुकर नळ्यांसाठी ठेवा.

गोळा छोट्या लिंबाएवढा असावा, २० ते २५ ग्रॅमचा. त्याहून मोठा असेल तर आतला भाग शिजेपर्यंत बाहेरचा आकसून चिरतो. कांद्याचा किंवा मिरचीचा मोठा तुकडा असेल तर भेग तिथूनच पडते. मेक्सिकोत अशा सुपाच्या गोळ्यांत कच्चा तांदूळ आणि पुदिना घालतात. चव फार छान येते, पण तांदूळ आत फुगतो, म्हणून तो अर्धा तास भिजवून, निथळून, अर्धा किलोला दोन मोठे चमचे एवढाच घाला. आंबेमोहोरसारखा आखूड दाणा बासमतीपेक्षा बरा, लांब दाणे गोळ्याबाहेर टोचून येतात.

लिंबाएवढे गोळे १२ ते १५ मिनिटांत शिजतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मटणाच्या गोळ्याच्या मध्यात ७१ अंश, चिकनच्या ७४ अंश दिसले पाहिजेत. नुसत्या रंगावर विसंबू नका, कांद्यासारख्या भाज्या मिसळलेला खिमा पूर्ण शिजूनही कधी कधी आतून गुलाबी राहतो.

टिकले, पण कडक झाले

बहुतेक वेळा पीठ किंवा अंडं जास्त झालेलं असतं. अर्धा किलोला एक अंडं ही कमाल मर्यादा समजा. डाळ्याचं पीठ एखादा चमचा चालतं, ते भाजलेलं असतं आणि ओल शोषतं. वाटीभर बेसन मात्र गोळ्याला घट्ट करतं, कच्चट वास देतं आणि सुपात उतरून त्याची आमटी करतं.

मऊपणा हवा असेल तर पाव-दूध. कडा काढलेले दोन ब्रेडचे तुकडे चार मोठे चमचे दुधात भिजवून कुस्करा आणि मळून झालेल्या खिम्यात मिसळा. आधी पाणी काढा म्हटलं आणि आता दूध घाला म्हणते, यात विसंगती नाही. हे दूध पावाने धरून ठेवलेलं असतं, सुटं फिरत नाही, आणि पावाचे कण मधे आल्याने मांसाचं बांधकाम गरजेपेक्षा घट्ट आवळत नाही. पाव नको असेल तर मऊ शिजवलेला भात किंवा कुस्करलेला बटाटा, दोन-तीन मोठे चमचे.

दुसरं कारण चरबीचं. बकऱ्याचं मांस मुळात कमी चरबीचं असतं, त्यात मांडीचा अगदी साफ केलेला खिमा घेतला तर गोळे कोरडेच होणार. मटणवाल्याला थोडी चरबी घालून दोनदा खिमा काढायला सांगा, किलोला १०० ते १५० ग्रॅम पुरते. चिकन घेत असाल तर छातीच्या मांसाऐवजी लेगचं बिनहाडाचं घ्या. चिकनचा खिमा हाताला फार चिकटतो, पण म्हणून त्यात पीठ घालू नका, हात गार पाण्याने ओले करून वळा.

आणि अर्थात, तासभर उकळत ठेवलेला कोणताही गोळा चिवट होणार. गोळे शेवटच्या पाव तासात घाला.

सूप गढूळ, बेचव, भाज्यांचा लगदा

गोळे जमले की उरलेल्या तक्रारी या. अळणी आधी वेगळं करून ठेवा: अर्धा किलो नळ्या-हाडं, हळद, मीठ, ठेचलेलं आलं-लसूण, तमालपत्र, चार-पाच मिरी, दीड लिटर पाणी. झाकण लावायच्या आधी उकळी आणून वर येणारा करडा फेस काढून टाका, मग कुकरला चार शिट्ट्या आणि मंद आचेवर वीस मिनिटं. गाळून घ्या. सूप बेचव लागण्याचं कारण नव्वद टक्के वेळा इथेच असतं, असं मला वाटतं: साध्या पाण्यात गोळे आणि भाज्या टाकून हाडांची चव येईल अशी अपेक्षा धरलेली असते. नळ्या मिळाल्या नाहीत तर गोळे आधी तव्यावर थोड्या तेलात सगळीकडून लालसर करून घ्या आणि त्याच तव्यात डावभर गरम पाणी ओतून तळाला चिकटलेलं खरवडून पातेल्यात घाला. भाजलेल्या गोळ्याचा थर घट्ट झालेला असतो, त्यामुळे तो फुटतही कमी. स्वच्छ सूप हवं असेल तर गोळे वेगळ्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं शिजवा आणि झाऱ्याने उचलून सुपात सोडा, तिथे आणखी पाचेक मिनिटं शिजू द्या.

भाज्यांत टोमॅटो कधी घालता याला महत्त्व आहे. आंबट पाण्यात बटाटा आणि गाजर मऊ व्हायला फार वेळ लागतो. अर्धा तास झाला तरी बटाटा कचकचीत का, याचं उत्तर बहुतेक वेळा टोमॅटो आधी पडला हे असतं. म्हणून बटाटा, गाजर, नवलकोल आधी, ते अर्धे शिजले की फरसबी आणि गोळे, मग टोमॅटो, आणि शेवटच्या चार मिनिटांत मटार. दुधी भोपळ्याचा लगदा होतो, त्याला मात्र टोमॅटोची सोबत फायद्याची, दोन्ही एकत्र घाला. कोबी जास्त उकळला की त्याचा उग्र वास सगळ्या सुपाला लागतो, तोही शेवटी. पालक गॅस बंद करून.

मीठ अगदी शेवटी चाखून घाला, कारण गोळ्यांतलं आणि अळणीतलं मीठ आधीच सुपात उतरलेलं असतं. वाढताना लिंबू पिळा आणि भरड मिरपूड घाला. मटणाची चरबी लवकर थिजते आणि टाळूला चिकटते, तेव्हा सूप वाफाळतंच वाढायचं, वाडगेही गरम पाण्याने विसळून घ्यायचे.

आत्ता, या क्षणी पातेल्यात फुटत असतील तर

गॅस बंद करा. ढवळू नका. शाबूत गोळे झाऱ्याने हळूच उचलून ताटलीत काढा. सूप गाळा, चाळणीतला सुटलेला खिमा बाजूला ठेवा. उरलेले कच्चे गोळे फ्रीजरमध्ये २० मिनिटं ठेवा आणि मग तव्यावर लालसर करून घ्या, पाण्यात थेट सोडायचे नाहीत. गाळलेलं सूप परत मंद उकळीला आणा, भाज्या शिजवून घ्या, शेवटी सगळे गोळे आत सोडून पूर्ण शिजू द्या. सुटलेला खिमाही सुपातच परत घाला, त्याची चव वाया घालवू नका. सगळेच गोळे सुटले असतील तर मूठभर मॅकरोनी किंवा भिजवलेले जव घालून खिम्याचं दाट सूप करा. ते पोटभरीचं होतं आणि मुलं आवडीने खातात.

सूप उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. वर थिजलेली चरबी दुसऱ्या दिवशी सहज उचलता येते. गरम करताना वाफ येईपर्यंत सावकाश तापवा. तांदूळ घातलेले गोळे रात्रभरात बरंच सूप पितात, म्हणून वाटीभर अळणी वेगळं राखून ठेवा. पुढच्या वेळेसाठी जास्तीचे गोळे करायचे असतील तर कच्चेच ताटात सुटे मांडून गोठवा, कडक झाल्यावर डब्यात भरा, आणि रात्री फ्रीजमध्ये वितळवून दुसऱ्या दिवशी वापरा.